चुली किती?

नवं घर दिसलं की लोक म्हणतात, छान आहे, हवेशीर आहे, पूर्वेला तोंड आहे. ताई विचारायच्या, "चुली किती?" आणि बोटाने हवेत चौकोन काढून त्याच्या एका कोपऱ्यात टिंब द्यायच्या. टिंब म्हणजे स्वयंपाकघर.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, निवृत्त झालं तरी नोकरी न सुटलेलं. राजधानी हलली तेव्हा ताईंचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. ताई नगर नियोजनाच्या कचेरीत नकाशे गिरवण्याच्या कामाला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. अख्खं शहर त्यांच्या बोटांखालून गेलेलं. हबीबगंजला माझ्या मेहुण्याने घर घेतलं, तेव्हा नुसता पत्ता ऐकून त्या म्हणाल्या, "तिथं विहीर होती न. मागच्या भिंतीला ओल येऊन राहिली असेल, पाहा." मेहुण्याला फोन केला. ओल होती. मी पुण्याचा, कारखान्यात इंजिनियर म्हणून जन्म काढलेला, सहसा कोणाला मानत नाही. त्या दिवशी मानलं.

साकेत नगरात आमच्या समोरच त्यांचं दुमजली घर. एकट्याच राहायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी घरात सहा माणसं आणली. सगळी चाळिशी-पन्नाशीची, पण समज लहान मुलाची. आईवडील गेल्यावर सांभाळणारं कोणी न उरलेली. त्यांतला थोरला बबलू, केस पार पिकलेला. फाटकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "हाथ धोए?"

कॉलनी बिथरली. आज सहा आहेत, उद्या साठ येतील! निवासी भूखंडावर होस्टेल चालतं, ते बंद करावं, असा अर्ज करायचं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. सह्यांमध्ये चौथी माझी. का केलीत, असं विचाराल तर लाज वाटते; आधी तिघांनी केली होती म्हणून मीही केली.

अर्ज नेऊन द्यायच्या दिवशी सकाळीच ताई दारात. "दाखवा न साहेब, काय लिहिलं ते." मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद शेवटपर्यंत वाचला.

"सही सुरेख आहे न तुमची. पण प्लॉट नंबर चुकला. हा तर तुमच्या घराचा आहे. नोटीस तुमच्याच दारावर लागली असती."

मग माझ्याच पेनाने त्यांनी नंबर दुरुस्त केला आणि शेजारी माझी छोटी सही घेतली. "सुनावणी होऊ द्या. नीट होऊ द्या," म्हणाल्या आणि गेल्या.

सुनावणीत त्या हरल्या असत्या, तर सहा जण सहा गावच्या सहा संस्थांत गेले असते. आपलं माणूस शेजारी नसेल तर बबलू घास घेत नसे.

अधिकारी तरुण होता, नियमाला पक्का. "यहाँ एक परिवार रह सकता है, मैडम. इनका आपस में रिश्ता क्या है?"

ताईंचं हिंदी फर्डं, पण घाबरल्या की मधेच मराठी घुसायचं. त्या घाबरतच उठल्या. "साहब, इन सबका संसार एक है."

खोलीत हशा पिकला. हिंदीत संसार म्हणजे जग. अधिकारीही हसून म्हणाला, "संसार तो सबका एक ही है, मैडम." आणि म्हणता म्हणता तोच गप्प झाला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

ताईंना चूक उमगली. "हमारी मराठी में साहब, एक चूल्हा, चार बर्तन, रोज का झगड़ा और फिर साथ में खाना, इसको संसार बोलते हैं. नियम में परिवार लिखा है, खून नहीं लिखा. आप आकर चूल्हे गिन लो."

तो जेवणाच्या वेळीच आला. मागून आम्ही अर्जदार. दोन्ही मजले पाहून झाले, चूल एकच. सात ताटं वाढलेली होती, पण ताई बसेपर्यंत एकानेही घास उचलला नाही. बबलूने अधिकाऱ्याला विचारलं, "हाथ धोए?" त्याने निमूट हात धुतले. बबलूने आठवं ताट मांडलं. मी आयुष्यभर प्रचंड यंत्रं चालताना पाहिली आहेत, पण असा थक्क कधी झालो नव्हतो. मान आपोआप खाली गेली. आमचा अर्ज निकालात निघाला. शेऱ्यात लिहिलं होतं, एक घर, एक चूल.

गेल्या वर्षी ताई गेल्या. त्यांनी मागे लिहून ठेवलेल्या कागदात घराची आणि सहाही जणांची देखरेख माझ्याकडे दिली होती. खाली त्यांच्या रेखीव अक्षरात एक ओळ होती, "यांची सही सुरेख आहे. इथंही घ्यावी." मी सही केली. या वेळी नंबर दोनदा तपासला.

दुपारी समोर गेलो. फाटकात बबलू उभा होता. मला पाहून त्याने बोटाने हवेत चौकोन काढला, कोपऱ्यात टिंब दिलं आणि विचारलं, "हाथ धोए?"

धुतले. आत सात ताटं मांडलेली होती. सातवं कोणाचं, हे मी विचारलं नाही. बसलो, तेव्हा सगळ्यांनी घास उचलला.