खिशातला फ्यूज

केजला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात भेटलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. पन्नाशीचा असेल. चष्म्याची मोडकी दांडी त्यानं तांब्याच्या तारेनं बांधली होती.

मी शेतातला पंप फोनवरून चालू-बंद करणारा बोर्ड बनवला होता. एकदा फोनवर 'बंद' दिसत असताना पंप सुरू झाला. तेव्हा वडील विहिरीत उतरून पाइप सोडवत होते, थोडक्यात वाचले. पुण्यात टेबलावर मला चूक काही सापडेना.

त्यानं माझा कोड आपल्या लॅपटॉपवर उघडला. माझ्या एडिटरमध्ये वीसेक एक्स्टेन्शन्स, त्याच्याकडे मोजून तीन. बोर्डाला डीबगर जोडला आणि कोड पहिल्याच ओळीवर थांबेल अशी खूण केली. मग मला फोनवरून आधी 'चालू', मग 'बंद' दाबायला लावून लगेच बोर्डाची लाइटची पिन उपटली, पुन्हा खोचली. कोड थांबला. बोर्डानं जपलेली नोंद पडद्यावर दिसली: 'चालू'. फोनला 'बंद' कळवलं होतं, पण तशी नोंद करायच्या आत लाइट गेली होती. लाइट परत आली की बोर्ड जुन्या नोंदीप्रमाणे पंप सुरू करायचा.

"तुमी पुण्याच्या लाइटीवर तपासलं. आमची लाइट सांगून जात न्हाई."

आधी नोंद, मग फोनला उत्तर, असा क्रम त्यानं बदलून दिला. मी बोर्ड पिशवीत टाकला.

"पयले वडील इहिरीत उतरताना फ्यूज काढून खिशात घालायचे का?" त्यानं विचारलं.

"हो, नेहमी."

"मग कावून सोडलं?"

फोनवर बंद केलंय, खुशाल उतरा, असं मीच त्यांना सांगितलं होतं.