शेळीच्या पायाला पुठ्ठ्याची नळी

"आवं, ती नळी कशाला चुलीत घालताय? ठेवा खाली. सरपण काय कमी हाय का घरात?"

"घरभर नळ्याच झाल्यात. एक जळली तर काय सुतक पडतंय?" बाजीराव म्हणाला.

बायडाबाईनं नवऱ्याच्या हातातली नळी ओढून घेतली अन् विळा शोधायला लागली.

आमच्या पिंपरी पेंढारला टोमॅटोच्या वावरात मल्चिंगचा प्लास्टिकचा पेपर अंथरून झाला, की त्याच्या मधली पुठ्ठ्याची जाड नळी बांधावर पडते. लोक ती जाळतात, बायडाबाई उचलून आणते. आळेफाट्याला सुवालालच्या कापडदुकानातूनही आणते, पडद्याच्या कापडाच्या. सुवालालची बायको मंगलाबाई तिला बघितलं की म्हणते, "आली बघा माझी भंगारवाली!" अन् आतून स्वतःच दोन आणून देते.

या नळ्यांचं बायडाबाई काय करत नाही ते विचारा. वीतभर तुकडे करून त्यात माती भरते, पपईची रोपं करते. रोप लावताना पुठ्ठ्यासकट खड्ड्यात ठेवायचं, मूळ दुखत नाही, पुठ्ठा मातीत कुजतो. लग्नातला शालू नळीवर गुंडाळलाय, घडी पडून जरीची तार तुटत नाही. मोटरीची वायर नळीवर. खुरप्याची धार नळीत. चौदा एप्रिलला विहारापुढच्या मंडपात निळा कागद लावलेले खांब असतात ना, ते तिच्याच नळ्यांचे. राकेश, तिचा पोरगा, चाकणला कंपनीत आहे. तो म्हणतो, "आये, आता नळ्यांचंच घर बांध."

आजची नळी मात्र शेळीसाठी होती.

काळी शेळी बांधावरून उडी मारताना दगडांत अडकली अन् पुढचा पाय मोडला. गाभण होती. डॉक्टर येऊन गेले. जखम नाही, हाड सरळ बसवलंय, म्हणाले, पण वरून काहीतरी कडक बांधा, हलता कामा नये. बाजीरावानं डॉक्टरची गाडी वळायच्या आत गेणभाऊ व्यापाऱ्याला फोन लावला.

"तीन पायाची शेळी कोण पाळतंय? बेल्ह्याच्या बाजारात जाऊ दे."

"खाटकाकडंच जायाची ती," बायडाबाई म्हणाली.

"मंग काय लगीन लावायचं तिचं?"

पुढच्या बाजारापर्यंत उभी राहिली तर ठेवू, नाहीतर गेणभाऊचा टेंपो, असं ठरलं. या शेळीची आई विताना मेली होती. करडाला बायडाबाईनं बाटलीनं पाजलं. हे ती कुणाला सांगत नाही. दूध चांगलं देती, एवढंच म्हणते.

तिनं नळी विळ्यानं उभी चिरली, पायाला जुन्या लुगड्याचा मऊ कपडा गुंडाळला, दोन्ही फाका बसवून सुतळीनं बांधल्या. काम एकदम झ्याक झालं. गोठा झाडून घेतला, दवाखान्यासारखा.

सकाळी बघते तर पायावर नळी नाही. सुतळी लोंबतीय, कपडा चघळलेला, अन् शेजारच्या दोन शेळ्या उरलेला पुठ्ठा निवांत खातायत. काळीही मान वाकवून स्वतःच्याच पायाची फाक कुरतडत होती.

बाजीराव दारात कंबर धरून हसला. "तुझं प्लास्टर नाष्ट्याला खाल्लं गं त्यांनी!"

"हसा. दात पडतील."

चूक तिची तिलाच कळली. रोपांना पुठ्ठ्याचा आडोसा लावताना ती न चुकता शेणकाला फासते, कारण शेणाला शेळी तोंड लावत नाही. अन् इथं डॉक्टर येऊन गेले म्हणून सगळं स्वच्छ ठेवायला गेली! तिनं दुसरी नळी चिरली, बांधली, वरून म्हशीचं शेण थापलं. खालच्या टोकाला मल्चिंगच्या पेपरची पट्टी गुंडाळली, मुतानं पुठ्ठा भिजू नये म्हणून. काळीला वेगळी बांधली. काळीनं वास घेतला, शिंकली, तोंड फिरवलं.

बाजाराच्या दिवशी गेणभाऊ आला. "जय भीम, बायडाबाई. कुठंय पेशंट?"

शेळी बसलेली. बायडाबाईनं पाला दाखवला, लांब धरला. शेळी अंग उचलून बघू लागली, परत बसली. बाजीराव टेंपोची फळी खाली करायला निघाला.

"थांबा वो!" ती पाला घेऊन आणखी मागं सरकली. काळी बें करून उठली. नळीतला पाय भुईला टेकला, थरथरला, अन् टेकलेलाच राहिला.

"लंगडी राहणार ही," गेणभाऊ म्हणाला.

"राहू दे. तिला काय शर्यतीत पळवायचीय?"

"पावणं, बायकूच्या पुढं माझं चालत न्हाई," बाजीरावानं फळी परत वर केली. "च्या घेऊन जा."

"च्या तुमीच ठेवा," बायडाबाई म्हणाली. पाला शेळीपुढं टाकून ती अंगणात बसली अन् पपईच्या रोपांसाठी नळ्या कापायला लागली.