बॅटरीची तब्येत शंभर टक्के

माझा स्वभाव संशयी आहे असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे, आणि ते खोटं नाही. कुलूप लावलं की मी ते दोनदा ओढून पाहते. दुकानदार फार गोड बोलायला लागला की माझे कान टवकारतात. त्यात मी जळगाव जामोदला एका कॉलेजात तासिकेवर संगणक शिकवते. या विषयात कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नसतं, तपासून पाहायचं असतं. तेव्हा हा दोष स्वभावाचा की धंद्याचा, ते मलाही सांगता येणार नाही.

लॅपटॉप मलकापूरच्या एका दुकानातून जुनाच घेतला होता. "बॅटरी एकदम नवी टाकून दिली मॅडम," असं दुकानदार म्हणाला होता. मशीन वयस्कर म्हणून मी त्यावरचं विंडोज काढून फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. ते हलकं चालतं, कुरकुर करत नाही. चार्जर लावूनच काम करायचं, त्यामुळे बॅटरीकडे कधी लक्ष गेलं नाही.

मग पुण्याच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. पूर्णवेळ नोकरी, मुलाखत घरबसल्या व्हिडिओवर. तासिकेवर शिकवणारा माणूस पूर्णवेळ हा शब्द दोनदा वाचून पाहतो. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की मी ते कुणाजवळ मोठ्यानं बोलतही नव्हते.

अडचण लाईनची. आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात, आणि ती कधी जाईल याचा नेम नसतो. मुलाखतीच्या मधोमध लॅपटॉप बंद पडला तर पुण्याची माणसं माझी वाट पाहत बसणार नव्हती, माझ्यामागे रांग होती. कॉलेजच्या लॅबमधून बोलायचं तर तिथल्या भिंतींनाही कान आहेत. तेव्हा सगळा भरवसा बॅटरीवर.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बॅटरीनं रंग दाखवला. लाईन गेली, मी निवांत टाइप करत होते, कोपऱ्यातला आकडा चौसष्ट टक्के सांगत होता आणि मशीन पटकन मेलं. सूचना नाही, काही नाही. लाईन आल्यावर सुरू केलं तर आकडा तीन टक्के. ज्याच्या खिशात अर्ध्याहून जास्त होतं तो एका क्षणात कंगाल कसा होतो?

पहिला संशय लिनक्सवर, कारण ते मी स्वतः टाकलं होतं आणि नवरा लगेच म्हणाला होता, "तुले काऊन पाह्यजे ते फुकटचं?" मी कमांड देऊन बॅटरीची माहिती काढली. वर कोपऱ्यात दिसतो तोच आकडा आतही होता. मग मशीन सुरू होताना येणारं ते काळं पान उघडलं, जिथं लिनक्स अजून जागंही झालेलं नसतं. तिथंही तोच आकडा. म्हणजे लिनक्स बिचारं निरोप्या होतं. बॅटरीतली चिप जे सांगेल तेच मला येऊन सांगत होतं.

दुसरा संशय मलकापुरावर. माहितीत दोन आकडे असतात: कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावत होतं, आणि आज किती मावतं. माझ्या बॅटरीचे दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे. तब्येत शंभर टक्के! आजवर किती वेळा भरली-रिकामी झाली, तर शून्य वेळा. इतकं निरोगी या जगात कुणी नसतं. मी दुकानदाराला फोन लावला. "मॅडम, स्टिकर पाहा ना, नवीच आहे," तो म्हणाला. स्टिकर नवंच होतं. आतल्या मालाबद्दल तो काही बोलला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

वाचून-शोधून उपाय सापडला. बॅटरीची चिप अंदाजावर चालते. बॅटरी पूर्ण भरल्यापासून सलग पूर्ण रिकामी कधी झालीच नाही तर आपली ताकद किती घटली हे चिपला कळत नाही, ती पहिल्या दिवसाचाच आकडा घोकत बसते. तेव्हा एकदा पूर्ण भरायची, चार्जर काढायचा आणि बंद पडेपर्यंत मधे हात लावायचा नाही. मग पुन्हा पूर्ण भरायची. एवढंच.

एवढंच, पण आमच्या घरात नाही. पहिल्या दिवशी मी चार्जर काढून, मशीन चालू ठेवून कॉलेजला गेले. परत आले तर वायर जोडलेली, शंभर टक्के. वाटलं, मीच विसरले असेन. दुसऱ्या दिवशी वायर काढल्याची दोनदा खात्री केली. परत आले, तर पुन्हा जोडलेली.

आता माझं डोकं भलतीकडे धावलं. पुण्याहून बोलावणं आलं तेव्हा नवऱ्यानं पेढे आणले होते. सासूबाईंनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. "पुणं लय दूर हाये," एवढंच म्हणाल्या आणि सुपातले मूग निवडायला बसल्या. त्यानंतरच बॅटरीचं हे सुरू झालं. दुपारी घरात असतं कोण? त्याच. सुनेनं इथंच राहावं असं त्यांना वाटतं, हे न कळायला मी काही लहान नाही. नवऱ्याला बोलले तर तो चिडला. "तुले सगळ्यायवर डाऊट. आईले लॅपटॉप उघडता तरी येते काय?" मी म्हटलं, वायर लावायला उघडावा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. नेहमीसारखी साडी नेसून, पर्स घेऊन पुढच्या दारानं निघाले आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात येऊन बसले. आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. लाईन गेली. वीसेक मिनिटांनी आली, तशा सासूबाई उठल्या. आधी आपला मोबाइल चार्जिंगला लावला. मग ओसरीतला फवारणीचा बॅटरीपंप लावला. मग टॉर्च. मग आमच्या खोलीत जाऊन लॅपटॉपवर तळहात ठेवला, ताप पाहावा तसा, आणि वायर खोचली.

"आई!" मी खोलीच्या दारातून ओरडले; त्यांच्यामागे दबकत तिथवर आले होते.

त्या दचकल्या. मला पाहिलं, माझी पर्स पाहिली आणि काय झालं ते त्यांना बरोबर कळलं. "लपून पाहून राह्यली होती काय व मले?"

"तुम्ही रोज वायर का लावता?"

"लाईन आली का लावा लागते. मंग गेली म्हंजे? सारं गरम होऊन राह्यलं होतं ते. उपाशी ठुवून काम करून घेतं काय त्याच्याजवळून?"

मग मी न राहवून विचारलंच. "मी पुण्याला जाऊ नये, असं वाटते ना तुम्हाला?"

"हाव. वाटते." त्यांनी नजर चुकवली नाही. "काऊन नाही वाटन? तू गेल्यावर मी या घरात कोनाशी बोलू? पन म्हनून तुह्या मशीनीचं वाईट करीन काय मी? चोर समजली मले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आत कुठेतरी किडा वळवळतच होता, की माणूस एवढं सरळ बोलतो तो कशासाठी? पण बॅटरीच्या कोड्याचं उत्तर त्यांच्या हातातल्या वायरीतच होतं. आमच्या घरात काहीच कधी पूर्ण रिकामं होऊ देत नाहीत. लाईन आली की जे दिसेल ते भरायचं. चिपला तिची ताकद कळणार तरी कधी? मी त्यांना समजावलं की याला एकदा पूर्ण संपू द्यायचं आहे, मगच कोपऱ्यातला आकडा खरं बोलेल.

पुढच्या दिवशी दुपारी मी पुन्हा चार्जर काढला आणि त्या खोलीच्या उंबऱ्यातच बसून राहिल्या. मधेच नवरा मोबाइल लावायला आला आणि सवयीनं लॅपटॉपच्या वायरकडे वळला, तर त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. "हात नोको लावू! पुरं मरू दे त्याले." मशीन मेलं. मग पूर्ण भरलं, आणि मी पुन्हा माहिती काढली. आज मावतं त्याचा आकडा घसरून निम्म्याच्याही खाली आला होता. मलकापूरवाल्यानं नव्या स्टिकरखाली जुना माल दिला होता, माझा तो संशय तरी वाया गेला नाही. पण मुलाखत दुसऱ्याच दिवशी. हाताशी बॅटरी होती ती ही, तासाभराला जेमतेम पुरणारी. निदान आता ती खोटं बोलत नव्हती.

मुलाखत सुरू झाली आणि थोड्याच वेळात लाईन गेली. इंटरनेट मी आधीच मोबाइलवर घेतलं होतं. समोर पडद्यावर तिघं होती. विषयाचे प्रश्न आले, मी उत्तरं देत गेले. मधून मधून कोपऱ्यात पाहत होते. आकडा उतरत होता, पण पायरी-पायरीनं, सभ्य माणसासारखा. सासूबाई माझ्या मागेच, दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांना आकडे वाचता येतात.

शेवटी त्यांच्यातल्या मॅडमनी विचारलं, "तुमचं सगळं घर तिकडे आहे. इकडे यायला घरच्यांची तयारी आहे ना?"

सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, याची नव्हती. 'हो' म्हणायचं तर मागे उभ्या माणसासमोर खोटं बोलायचं. 'नाही' म्हणायचं तर नोकरी गेली. मी आकड्याकडे पाहिलं. कोपऱ्यात चार टक्के. मॅडम वाट पाहत होत्या. तीन टक्के.

"हाव म्हन ना व लवकर," मागून आवाज आला, "बंद पडून राह्यलं ते!"

पडद्यावरची तिघं हसली. "कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"सासूबाई," मी म्हटलं. "हो, तयारी आहे." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, धन्यवाद म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

नोकरी मिळाली. पुढच्या महिन्यात मला रुजू व्हायचं आहे. सासूबाई माझ्यासाठी तिखट कुटून, शेवया वाळवून डबे भरतायत, आणि कामाशिवाय माझ्याशी फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांना मी जावं असं वाटलं होतं, की फक्त मशीन बंद पडू नये असं वाटलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर त्या खरं सांगतील, याचीच मला भीती वाटते.