टाकीखालचं शिबिर

समारोपाच्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीवरचं आग्या मोहोळ उठलं. दुपारी जालन्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच बाई गेल्या.

कुठल्याही नव्या खोलीत पाऊल टाकलं की बाई आधी वर बघायच्या. पत्रे, पंख्याचा हूक, लोंबणारी वायर. मग म्हणायच्या, "हं, बसा आता." तुमच्यापैकी कुणी विद्यार्थ्यांचं शिबिर नेलं असेल तर त्या वर बघण्याचा अर्थ त्याला लगेच कळेल. शिबिर म्हटलं की लोकांना श्रमदान, व्याख्यानं आणि गाणी आठवतात. नेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र विहीर, विंचू, ताप आणि दाराची कडी असते.

बाई कॉलेजात शिकवायच्या, मी तिथेच ग्रंथपाल. दर हिवाळ्यात एखाद्या खेड्यात आमचं मुक्कामी शिबिर भरायचं, ते फक्त मुलांचं. मुलींनाही न्यायचं हे बाईंनी ठरवलं आणि त्यासाठी घरोघर हिंडल्या. मला सोबत न्यायच्या. मी गप्प बसतो, म्हणून असेल.

"सात दिवस बाहेर? न्हाई जमायचं, मॅडम," एका मुलीचे वडील म्हणाले.

"दादा, पोरगी शेतात एकटी जाती, ते चालतं. माझ्यासंगं न्हाई चालत?"

आत चुलीपाशी मुलीची आई हसली. वडील हसले नाहीत. "अन् काही झालं तर?"

"तर पुन्हा तुमच्या दारात मागायला येणार न्हाई."

बाई मूळच्या आष्टीच्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या, पण अशा ओसरीवर बसल्या की गावचं बोलणं आपोआप यायचं. परत येताना मात्र गाडीत मुलींच्या नावांची यादी पुन्हा पुन्हा वाचत होत्या. एका मुलीला जरी काही झालं, तरी पुढची कितीतरी वर्षं कुणी आपली मुलगी पाठवणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

बाईंचं शेवटचं शिबिर मंठ्यापलीकडच्या एका गावात होतं. शाळेच्या आवारात पाऊल टाकताच बाईंनी वर बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या. खोल्यांना लागूनच पाण्याची टाकी होती. तिच्या पोटाशी सुपाएवढं मोहोळ लटकत होतं. आम्ही बघत असताना त्याच्या अंगावरून एक काळी शिरशिरी सरकत गेली. मग पुन्हा सगळं स्थिर.

"दरसाल बसतंय ते," सरपंच म्हणाले. "तुम्ही त्याला छेडू नका, ते तुम्हाला छेडत न्हाई."

दुसरी जागा म्हणजे देवळाचा मंडप. तो चारही बाजूंनी उघडा. दारं आणि आतूनही कड्या असलेल्या खोल्या गावात इथेच होत्या. बाईंनी कड्या ओढून पाहिल्या, पुन्हा टाकीकडे पाहिलं आणि मुलींचं सामान आत घ्यायला सांगितलं.

स्वयंपाक धुरामुळे देवळामागे नेला. उदबत्ती बंद, अत्तर बंद, पावडरसुद्धा बंद.

"मॅडम, पावडरबी न्हाई? मंग फोटोत आम्ही भुतं दिसणार!"

"दिसा. माश्यांना दिसू नका म्हणून सांगून राह्यले."

मुली हसायच्या. बंधाऱ्यावर मातीच्या पाट्या टाकून आल्या की गाणी म्हणायच्या, आणि गाणं रंगात आलं की बाईंचा हात हळूच वर जायचा. आवाज खाली. पुढेपुढे मुलींना त्याची सवय झाली. माझा मात्र भर दुपारीही त्या टाकीच्या सावलीतून जायला पाय धजावत नसे. वरून अखंड घुमल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं.

समारोपाला फटाके नकोत, असं बाईंनी सरपंचांना दोनदा बजावलं होतं. "बिलकुल वाजणार न्हाईत," ते म्हणाले, आणि गावात खरंच कुणी वाजवले नाहीत. लड आणली समारोपाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या माणसांनी, आपल्याच जीपमधून. पाहुणा आला की फटाके वाजवा, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

मी मुलांबरोबर समोरच्या ग्रामपंचायतीत खुर्च्या काढत होतो. लड फाटकाशी उडाली आणि टाकीचं पोट एकाएकी रिकामं दिसलं. जीप वळून निघून गेली. आम्ही दार लावून खिडकीच्या काचेतून पाहत राहिलो. बाई मुलींना खोल्यांत ढकलत होत्या. औक्षणाचं ताट घेतलेली एक मुलगी पदर तोंडावर घेऊन तिथेच गरगर फिरत होती. बाईंनी खोलीतली सतरंजी ओढली, तिच्यावर टाकली आणि तिला तशीच गुंडाळून दारातून आत लोटलं. आतल्या मुली बाईंना घ्यायला पुढे आलेल्या दिसल्या. तेव्हा अंगभर माश्या बसलेल्या बाईंनी दार ओढून बाहेरून कडी घातली.

नंतर आम्ही त्यांना उचललं तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मंठ्याच्या दवाखान्यानं जालन्याला पाठवलं. गाडीत त्यांनी माझी बाही धरली.

"सर, मुलींच्या घरी फोन करू नका. लोक जल्दी येतील न्यायला."

पुढे त्या बोलल्या नाहीत.

फोन कुणीतरी केलेच होते. संध्याकाळी मी गावात परतलो तेव्हा फाटकात जीपगाड्या उभ्या होत्या. "काही झालं तर?" विचारणारे ते वडील मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. तिच्या हाताला दोन-तीन डंख होते, एवढंच. एकूणएक मुली सुखरूप होत्या.

"मॅडमनं पोरी बराबर राखल्या," ते म्हणाले. मग मुलीची पिशवी उचलून म्हणाले, "पण आता न्हाई, सर."

शिबिर अजूनही दर हिवाळ्यात भरतं. त्यात मुली नसतात.