सावलीएवढं झाड

साइटवर जाताना जीप वडाजवळ आली आणि रस्ता हलकेच वळला. "सरळ गेला असता की! कुठल्या शहाण्यानं हे वळण काढलं?" ड्रायव्हर शिंदे करवादले. मी मात्र मनातून फुलले.

त्या शहाण्या आम्हीच. रस्ते आखायचं नवं सॉफ्टवेअर ऑफिसात आलं, तेव्हा त्याच्या लेखी झाड म्हणजे नुसता बुंधा होता. बुंधा चुकवला की रस्ता खुशाल सरळ जायचा. "मग माणसं बसतील कुठे?" आमच्या वर्षाताईंनी शिकवायला आलेल्या माणसाला विचारलं. तो हसला. ताई हसल्या नाहीत. कुठल्याशा थंड देशात जन्मलेलं ते सॉफ्टवेअर. सावलीची किंमत त्याला कुठून कळणार? आम्ही दोघींनी खटपट करून त्याला शिकवलं, की भर दुपारी सावली पडते तिथवर झाड. आता रस्त्याची रेघ सावलीत शिरली, की ती लाल होते. ते सॉफ्टवेअर आमच्या उन्हातलं झालंय, याचा मला अभिमान आहे, थोडा तोराही.

वळण संपायच्या आत शिंदेंनी जीप थांबवली.

"मॅडम, ऊन फार आहे. इथंच जेवून घेऊ," म्हणाले आणि पारावर डबा उघडून बसले.