नोकरी गेलेल्या नवऱ्याचं नाव

दोन वर्षांपूर्वी इथे मस्कतला माझी मैत्रीण उत्तरा हिची शाळेतली नोकरी गेली, तेव्हा ती माझ्याच सोफ्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. माबेलातल्या भाजीवाल्यापासून रत्नागिरीच्या सासूपर्यंत सगळ्यांना तिने सांगितलं. मग डोळे पुसले आणि घरी शिकवण्या सुरू केल्या.

तिचा नवरा जितेश गाला या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. या डिसेंबरात त्याचीही नोकरी गेली. या गड्याने मात्र चकार शब्द काढला नाही. रोज डबा घेऊन वेळेवर निघायचा आणि दिवसभर कुठेतरी गाडी लावून बसायचा. धुण्यातल्या कपड्यांना ग्रीसचा वास येईना, तेव्हा उत्तराने ओळखलं. विचारल्यावर कबूल झाला, पण म्हणाला, "बाहेर कुणाला कळता कामा नये." हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं. पुरुषांचा हा ताठा माझ्या डोक्यात जातो. नवी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा जाणार, ऐन दहावीत लेकीला, पूर्वाला, घेऊन भारतात परतावं लागणार. आणि तोंडच उघडलं नाही तर नोकरी देणार कोण?

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं, अल् घुब्राला. बायकांना घेऊन आलेले नवरे आतल्या खोलीत क्रिकेट बघत होते. तिळगूळ वाटून झाला आणि उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. उत्तराने पदर सावरला आणि ती आतपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गेली नोकरी जाऊ दे, हातची कला जात नाही,
जितेशरावांसारखा मेकॅनिक अख्ख्या गालात नाही."

बायका हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. आतला टीव्ही कुणीतरी बंद केला. जितेश दारात आला, चेहरा लालबुंद. आता हा हिला तशीच उठवून नेणार, असं मला वाटलं. उत्तरा मान वर करून त्याच्याकडे बघत होती. एवढ्या अभिमानाने बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"गालापुरतंच कशाला?" तो म्हणाला. "मस्कत म्हण की."

आणि तिथेच, भरल्या घरात, त्याला रडू फुटलं. सगळे नवरे त्याच्यामागे येऊन उभे राहिले. उत्तराने उठून त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ती सगळ्यांकडे वळली.

"ऐकलंत ना? मेकॅनिक हवा असेल तर आत्ताच सांगा. मागाहून मिळायचे नाहीत हे."