वदिलेय

सुधाकरभाऊ निकुरे पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, गळ्यात हार होता, आणि शिट्टी माझ्या हातात होती. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे आहे. त्या दुपारी मात्र ते तिथे नसते तर बरं, असं मला वाटत होतं.

मी देवानंद, ब्रह्मपुरीच्या एका शाळेत पीटी शिकवतो. सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफरी असतो. आमचं गाव सिंदेवाहीकडचं. बाबा तलावात मासे धरतात. कॉलेजसाठी मी चंद्रपूरजवळच्या एका खाण कॉलनीत मामाकडे राहिलो. कॉलनीची फुटबॉल टीम दोन जिल्ह्यांच्या लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायची आणि भाऊ तिचे मॅनेजर होते. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे कोच तोच, नेट बांधणारा तोच आणि जखमेला हळद लावणाराही तोच. मी राखीव गोलकीपर होतो. दोन मॅच पाहून भाऊ म्हणाले, "देवा, तुले खेळता येत नाई. पण तुले खेळ दिसते. रेफरीची परीक्षा दे. आन् बी.ए. सोडू नको." मी दोन्ही केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

भाऊंनी टीमला पहिल्या डिव्हिजनमध्ये नेलं होतं. ते रिटायर होऊन गावी गेले आणि टीम पुन्हा खाली आली. त्यानंतर बरेच सीझन ती खालीच राहिली. आता शेवटची मॅच होती, सिरोंचाकडच्या तेलगू बोलणाऱ्या टीमशी. कॉलनी जिंकली तर वर जाणार. बरोबरी झाली तर सिरोंचावाले वर जाणार. कॉलनीच्या लोकांनी भाऊंना मुद्दाम बोलावलं होतं. टीमला त्यांचा हात लागावा म्हणून.

नेमणूक कळल्याबरोबर मी मॅच कमिशनर वासेकर सरांना फोन केला होता. मॅच कमिशनर म्हणजे असोसिएशनच्या वतीने मॅचवर लक्ष ठेवणारा माणूस.

"सर, या टीममध्ये मी होतो. दुसरा रेफरी द्या."

"दुसरा कुठून आणू? एक आजारी आहे, एकाच्या घरी लग्न आहे. मी घालू का शिट्टी गळ्यात? माझे गुडघे पाहिलेस ना?"

"मग सिरोंचावाल्यांना सांगा तरी."

त्यांनी सांगितलं. सिरोंचाच्या कोचने हरकत घेतली नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

पहिला हाफ शून्य-शून्य गेला. मैदानाला फक्त दोरी बांधलेली होती. लोक दोरीला पोट टेकवून उभे होते. माझ्या प्रत्येक शिट्टीनंतर कुणीतरी ओरडायचं, "अबे देवा, कॉलनीचं मीठ खाल्लं ना तू?" मी वर पाहायचो नाही.

हाफ टाइमला रेफरीसाठी एक टिनाची खोली होती. टिनाच्या पलीकडे निंबाच्या सावलीत कॉलनीची टीम पाणी पीत बसली होती आणि तिथेच भाऊंची खुर्ची नेऊन ठेवली होती. भोवती जुने चाहते. त्यात बंडूभाऊंचा आवाज सगळ्यात मोठा. बंडूभाऊ खाणीत डंपर चालवायचे. टीमची एकही मॅच त्यांनी सोडली नव्हती.

"भाऊच्या टायमाले टीम म्हणजे टीम होती. पावसात प्रॅक्टिस! भाऊ सोता चिखलात उभे."

"आन् बूट नाई आणला त्याले घरी वापस."

"वापस कायचं? भाऊ आपलेच बूट देत होते काढून. आठवते का भाऊ?"

भाऊ म्हणाले, "बस झालं बे. पोट्ट्याईले आराम करू द्या."

"नाई, नाई. ते वदिलेयवाली मॅच सांगतोच मी. पोट्ट्याईले मालूम पडलं पायजे."

"जाऊ दे ना बंडू. जुनं झालं ते."

"काऊन जाऊ देऊ? ऐका रे. समोर तेलगू बोलणारी टीम. बॅक असा दणकट, बॉल काई सुटू देत नाई. तं भाऊनं आपल्या फॉरवर्डले एकच शब्द शिकवला. वदिलेय. म्हणजे सोडून दे. बॉल आला, आपल्यावाल्यानं मागून आवाज देला, 'वदिलेय!' त्याले वाटलं आपला गोलकीपरच सांगून राह्यला. त्यानं देला सोडून. आन् गोल!"

सगळे हसले. पोरंही हसली. खरं सांगायचं तर टिनाच्या अलीकडे मलाही हसू आलं. त्या मॅचला मी राखीव खेळाडूंच्या बाकावर होतो आणि उड्या मारल्या होत्या. ती गोष्ट कॉलनीत गणपतीत, लग्नात, कुठेही सांगितली जाते.

तिथे एक गोष्ट कुणाच्याच लक्षात नव्हती. फुटबॉलमध्ये समोरच्याला आवाज देऊन फसवणं हा गुन्हा आहे. आपल्याच खेळाडूला "सोड" म्हणा, "माझा" म्हणा, कुणी अडवणार नाही. पण विरोधी खेळाडूला चकवायला ओरडलात तर यलो कार्ड, आणि समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक. म्हणजे अशी किक, जिच्यावर सरळ गोल मारता येत नाही. बॉल आधी दुसऱ्या कुणालातरी लागावा लागतो.

मॅच संपत आली तरी शून्य-शून्यच होतं. लोकांचा आवाज बसला होता. मग कॉलनीच्या हाफमधून एक लांब बॉल आला. सिरोंचाचा बॅक त्याच्या बरोबर खाली होता. त्याला फक्त पाय लावायचा होता. कॉलनीचा नऊ नंबर त्याच्या पाठीमागे, आणि मी नऊ नंबरच्या पाठीमागे.

"वदिलेय!"

बॅकने पाय मागे घेतला. बॉल त्याच्या बाजूने गेला. नऊ नंबरने तो पायाने गोलमध्ये ढकलला.

मैदान दणाणलं. दोरी तुटली. लोक आत आले आणि नऊ नंबरला खांद्यावर घेतलं. बॅक आपल्या गोलकीपरकडे हात करून तेलगूत ओरडत होता आणि गोलकीपर मान हलवत होता, मी नाही, मी नाही.

मी शिट्टी केव्हाच वाजवली होती. लोकांना वाटलं गोलची वाजली. मी हात सरळ वर केला. इनडायरेक्टची खूण तीच. हळूहळू एकेकाला तो हात दिसायला लागला.

माझा असिस्टंट, म्हणजे ज्याला लोक लाइन्समन म्हणतात, तो धावत आला. "सर, ऑफसाइड नाही. माझ्याकडून गोल क्लीन आहे."

"आवाज ऐकलास?"

"एवढ्या लांबून? नाही सर."

म्हणजे ऐकणारा मी एकटाच. कॉलनीचा कॅप्टन नऊ नंबरला खांद्यावरून उतरवून घेऊन आला.

"काय झालं सर? कायचा फाऊल?"

"हा ओरडला. समोरच्याला फसवायला."

नऊ नंबर छातीवर हात ठेवून म्हणाला, "आईशप्पथ सर, मी वदिलेय म्हटलंच नाई!"

कॅप्टनने डोळे मिटले. "अबे, सरनं शब्द कुठी सांगितला तुले?"

मी यलो कार्ड दाखवलं. कॅप्टन हळूच म्हणाला, "सर, पण भाऊच्या टायमाले तर चालत होतं." त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

लोकांपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की आपल्याच कॉलनीतल्या पोराने आपला गोल काढून घेतला. पाण्याची एक बाटली माझ्या पाठीवर बसली. दुसरी असिस्टंटच्या पायाशी पडली. बंदोबस्ताला दोन होमगार्ड होते आणि तेही कॉलनीचेच. सिरोंचाची पोरं एकमेकांना धरून गोलपोस्टजवळ गोळा झाली होती. त्यांची बस मैदानाच्या त्या टोकाला होती आणि मध्ये सगळी गर्दी.

वासेकर सर माझ्याजवळ आले. "देवानंद, विचार कर. निघायचं कसं इथून?"

"सर, गोल देऊ का?"

ते होमगार्डांकडे वळले. मॅचचा निर्णय रेफरीचाच असतो, हे त्यांनाही माहीत होतं.

मग बंडूभाऊ ओरडले, "भाऊले बोलू द्या! भाऊ सांगतीन कायदा!" लोकांनी भाऊंना खुर्चीतून जवळजवळ उचललंच आणि अनाउन्सरच्या माइकपाशी उभं केलं. भाऊंनी गळ्यातला हार काढला आणि टेबलावर ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माझा हात अजून वर होता.

"माह्या टायमाले हे चालत होतं," भाऊ म्हणाले.

अशी आरोळी उठली की मला वाटलं, संपलं. ते आरोळी थांबायची वाट पाहत राहिले.

"चालत होतं, काऊन का तवाच्या रेफरीले तेलगू येत नव्हतं. याले येते. गोल नाई तो. बाहेर निघा, मॅच खेळू द्या."

मला तेलगू येत नाही. तो एकच शब्द येतो, आणि तो मी भाऊंकडूनच शिकलो.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी बाटलीही फेकली नाही. लोक पुटपुटत मागे सरले. सिरोंचाने किक घेतली. उरलेला वेळ संपला, शून्य-शून्य. सिरोंचावाले वर गेले. कॉलनी खालीच राहिली.

बंडूभाऊंनी भाऊंना सकाळी आपल्या गाडीत गावाहून आणलं होतं. परत न्यायला ते थांबले नाहीत. रिपोर्ट लिहून होईपर्यंत रेफरीने टीमच्या कुठल्याही माणसाजवळ जायचं नसतं. मी निघालो तेव्हा भाऊ जीप स्टँडवर एकटे उभे होते. बाहेर निघायला दुसरी गाडी नव्हती म्हणून होमगार्डने मला आणि असिस्टंटला सिरोंचाच्याच बसमध्ये, ड्रायव्हरजवळ वेगळं बसवलं होतं. बस थांबली नाही.

कॉलनीच्या चहाटपरीवर आता भाऊंच्या आठवणी निघतात तेव्हा लोक म्हणतात, "भाऊ तसे चांगले होते, पन..." त्या 'पन'नंतर माझं नाव येतं, असं मामा सांगतो. यातून माझ्यापुरता धडा असा की, मॅचच्या आधी मी दोन्ही टीमच्या भाषेत 'सोडून दे'ला काय म्हणतात ते विचारून घेतो. आमच्या भागात गोंडी लागते, बंगाली लागते, हिंदी तर लागतेच. रूलबुक इंग्रजीत आहे आणि आमचा एकही खेळाडू इंग्रजीत फसवत नाही.

रिपोर्ट पाठवला त्याच आठवड्यात मी भाऊंना पत्र लिहिलं. फोनवर मला बोलता आलं नसतं.

*

तीर्थरूप सुधाकरभाऊ यांना,

देवानंदचा नमस्कार.

जीप स्टँडवर तुम्ही दिसलात. मी उतरलो नाही. नियम होता, पण नियम नसता तरी त्या वेळी उतरण्याची माझी हिंमत झाली असती की नाही, सांगता येत नाही. तुम्ही घरी केव्हा पोचलात, जेवलात का, हे वहिनींना कळवायला सांगा.

रिपोर्टमध्ये मी नऊ नंबरचा गुन्हा लिहिला. तुम्ही माइकवर बोललात हेही लिहावं लागलं. त्याखाली मी लिहिलं आहे की त्यामुळे सिरोंचाची मुलं आणि आम्ही सुखरूप निघालो. यात वाढवून काही लिहिलेलं नाही.

मी हात वर धरून उभा होतो तो नियम पाठ होता म्हणून. तुमच्यासमोर कुठलंही पुस्तक नव्हतं. ज्या लोकांनी तुम्हाला हार घातला त्यांच्याचसमोर तुम्हाला ते बोलावं लागलं. बंडूभाऊ तुमच्याशी बोलत नाहीत असं कळलं. मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही. मी पुन्हा जाणार आहे.

येत्या रविवारी ब्रह्मपुरीला माझी मॅच आहे. तुम्ही या. मॅच संपेपर्यंत मी तुम्हाला ओळख देणार नाही, राग मानू नका. त्यानंतर घरी चला. बाबा गावाहून तलावातली मासोळी घेऊन येत आहेत. ते तुम्हाला अजून एकदाही भेटलेले नाहीत. त्यांना तुम्हाला काय म्हणायचं आहे ते ते मला सांगत नाहीत, तुम्ही आल्यावरच सांगीन म्हणतात.

आपला,
देवानंद